विदाच्या अकरा बाटल्या

ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी विदाला पहाटे चारला उठावं लागे, आणि उठल्याबरोबर ती कुठे जाणार हे ब्रेस्तिना गावातल्या नदीकडच्या अख्ख्या गल्लीला ठाऊक असे. आदल्या संध्याकाळी लिंडनच्या फुलांचा चहा तीन पेले भरून प्यायचा, मग कळ काढत पडून राहायचं, आणि पहाटे एनॅमलचा निळा लोटा घेऊन परसातल्या संडासात जायचं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर नावांच्या चिठ्ठ्या लावलेल्या अकरा बाटल्या ओळीने मांडलेल्या असत. परत येऊन ती छोट्या डावाने त्या एकेक भरी. थेंब सांडत नसे. एखाद्या वर्षी अकराव्या बाटलीला कमी पडलं, तर ती पुन्हा चहा ठेवी आणि त्या बाटलीचा मालक पायरीवर बसून वाट बघे. सहाच्या आत दुधाच्या बाटल्यांसारख्या त्या घरोघर पोचत. आठ वाजता तालुक्याची नर्स गाडी घेऊन येई, तेव्हा अकरा जण आपापल्या दारात आपापली बाटली धरून उभे असत, आणि त्यांच्या तोंडाकडे पाहून वाटावं की ही ज्याच्या त्याच्या कष्टाची कमाई आहे.

असं एकोणतीस वर्षं चाललं. नर्सला कधी संशय आला नाही. की आला होता आणि तिने गिळला, हे तिलाच माहीत.

ब्रेस्तिनात किडनीचं दुखणं होतं. नदीकाठच्या चार-पाच गावांत होतं, वर डोंगरात नव्हतं. आधी माणूस फिका पडे, तळहात तांबूस-पिवळे होत, मग दोन्ही किडन्या सुकून अक्रोडाएवढ्या होत. ज्याचं नशीब त्याहून फुटकं, त्याला किडनीच्या आतल्या अस्तरात किंवा तिथून निघणाऱ्या लघवीच्या नळीत कर्करोगाची गाठ येई. इतर मुलखांत ही गाठ इतकी दुर्मीळ की डॉक्टर लोक ती पुस्तकात बघतात. ब्रेस्तिनात तिला घरोघर खुर्ची होती.

कारण शोधायला पन्नास वर्षं प्रोफेसर येत राहिले. एकाने विहिरी तपासल्या, एकाने कोळसा, एकाने डुकरं. शेवटी एक जण पिशवीत लांडगापाऊल नावाचं तण घेऊन आला आणि म्हणाला, हे तुमच्या गव्हात उगवतं, याचं बी दळणात जातं, तुम्ही वर्षानुवर्षं विष भाकरीतून खाल्लंत. गल्लीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या ओब्रादकाकांनी ते तण उलटंसुलटं करून पाहिलं आणि विचारलं, "मग इतकी वर्षं आमची लघवी कशाला नेलीत?"

खरं तर न्यायची गरज होतीच, कारण गाठ लवकर सापडली तर माणूस वाचतो. पण ज्यांची तपासायची, त्यांची ती नव्हती. सगळ्यांत पहिल्या प्रोफेसरला वाटलं होतं की दुखणं रक्तातून येतं, म्हणून त्याने नोंदवही केली ती फक्त ब्रेस्तिनात जन्मलेल्यांची. लग्न करून आलेल्यांच्या नावापुढे त्याने 'बाहेरचे' असं लिहून रेघ ओढली. पुढे विज्ञान बदललं, प्रोफेसर बदलले, देशाचं नावसुद्धा तीनदा बदललं, नोंदवही मात्र तीच राहिली.

विदा अशी रेघ ओढलेली. तिचं पूर्ण नाव विदोसावा. एकोणीसशे सहासष्ट साली, विसाव्या वर्षी, डोंगरातल्या एका वाडीतून लग्न होऊन आली. तिची जाऊ रादमिला तिच्या आधी दोन वर्षं त्या घरात आली होती, पण रादमिला याच गावात जन्मलेली, त्यामुळे ती आली म्हणजे रस्ता ओलांडून आली. "आम्ही इथल्या मातीतल्या," असं ती ऊठसूट म्हणे. विदाच्या हातची भाकरी आवडीने खाई आणि वर म्हणे, "चांगली झालीय हो, बाहेरचीच्या मानाने." बेचाळीस वर्षं एकाच अंगणात राहिल्यावरही तिच्या तोंडातून हा शब्द गेला नव्हता. मला विचाराल तर अशी जाऊ असण्यापेक्षा शेजारी गिरणी असलेली बरी, ती निदान रविवारी बंद असते.

बाटल्यांची सुरुवात विदाच्या नवऱ्याने केली. मिलिसाव ट्रक चालवायचा आणि नोकरीसाठी त्याला तपासणीचा स्वच्छ कागद हवा होता. "तू डोंगरातली, तुझं स्वच्छ," तो म्हणाला. "एवढी बाटली भरून दे. बिघडतंय काय?" काही बिघडलं नाही. रिपोर्ट इतका देखणा आला की मिलिसावने तो काचेत घालून भिंतीवर लावला. तो पाहून त्याच्या भावाला मोह झाला, मग रादमिलाला झाला, मग पलीकडच्या स्रेतेनच्या बापाला. कुणाच्या मुलीचं लग्न होतं, कुणाला भरती व्हायचं होतं. कागद स्वच्छ आला की घरात वर्षभर झोप लागायची. आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात, इथे तर अख्खी गल्ली उदार झाली.

सत्त्याऐंशी साली विदाच्या लघवीत जंतू निघाले. झालं, अकरा नावांवर अकरा पाकिटं गोळ्या आल्या. विदाला अर्थातच आलं नाही, ती वहीतच नव्हती, आणि मिलिसाव आपलं पाकीट घेऊन ट्रकवर गेला होता. ती इकडे तापाने फणफणलेली आणि तिकडे अकरा धडधाकट माणसं संशय नको म्हणून गोळ्या गिळून पोट धरून बसलेली. चौथ्या दिवशी रादमिला हळूच आली आणि आपलं अर्धं पाकीट तिच्या उशाशी ठेवून गेली. "मला पचत नाहीत," एवढंच म्हणाली. विदा बरी झाली. गल्लीने ठरवलं की पद्धत पक्की आहे.

मग मिलिसाव पडला. भिंतीवर अकरा वर्षांचे अकरा स्वच्छ रिपोर्ट लटकत होते आणि त्यांच्या खाली बाकावर तो आडवा. किडन्या संपल्या होत्या. सहा वर्षं आठवड्यातून तीनदा पहाटे पाचला गाडी त्याला रक्त गाळायच्या मशीनवर न्यायला यायची, आणि विदा त्याच्यासोबत उकडलेलं अंडं बांधून द्यायची. शहाण्णवला तो गेला. विदाने ते रिपोर्ट भिंतीवरून काढून चुलीत घातले. आपण नवऱ्याला आपली लघवी दिली नसती तर त्याचं दुखणं वेळेवर सापडलं असतं, हे ती कुणाशी बोलली नाही, आणि गल्लीतही कुणी बोललं नाही. तिथे रीत आहे तसा थडग्याच्या दगडावर नवऱ्याशेजारी तिचाही फोटो कोरला गेला, जन्मसाल आणि पुढे मृत्यूसालाचे पहिले दोन आकडे, '१९'. सन दोन हजार उलटून गेलं तरी बाई जिवंत, म्हणून दगडवाल्याला परत बोलवून ते '२०' करावे लागले. "गावाने तुझा अंदाज बरोबर बांधला होता, विदे," रादमिला म्हणाली, "तूच उशीर केलास."

मिलिसाव गेला त्या वर्षी ऑक्टोबरात विदाने लोटा परसात ओतून टाकला आणि दार लावून घेतलं. सहा वाजता अकरा जण दारात आले. कुणी ओरडलं नाही. ओब्रादकाकांनी टोपी काढली. स्रेतेनने चीजचा गोळा आणला होता. रादमिला म्हणाली, "आता तर जास्तच भीती वाटते गं." लोक तीर्थाला यावेत तसे ते रिकाम्या बाटल्या घेऊन उभे होते. विदाने चहा ठेवला. मला तिचा राग येतो, अजून येतो. पण ज्या गल्लीने तिला एकाच गोष्टीसाठी आपली मानलं, त्या गोष्टीला नाही म्हणायला जो दम लागतो, तो तिच्यात नव्हता.

आणि मग दोन हजार आठच्या ऑक्टोबरात अकराच्या अकरा बाटल्यांत कर्करोगाच्या पेशी निघाल्या.

राजधानीहून डॉक्टर यास्ना स्वतः आली. पस्तिशीची, हुशार, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. एका गल्लीत एकाच वेळी अकरा गाठी, असं जगात कुठे घडलं नव्हतं, आणि व्हिएन्नाच्या परिषदेत ती हे मांडणार होती. सांस्कृतिक भवनात पत्त्यांच्या टेबलावर बसून तिने प्रत्येकाला दहा मिनिटं दिली आणि पुढच्या मंगळवारी स्कॅनला बोलावलं. स्कॅनमध्ये गाठ दिसली तर तुमच्या बाबतीत काय करायचं, तेही माणसागणिक नीट समजावून सांगितलं. संध्याकाळी ते एकेक करून विदाच्या स्वयंपाकघरात जमले. विदा कणीक मळत होती.

"विदे, काय खाल्लं होतंस तू?" रादमिलाने आल्या आल्या विचारलं.

"काय झालं?"

"काय झालं म्हणे. माझी नळी कापायची म्हणतायत. मधला तुकडा काढून उरलेली परत मूत्राशयाला जोडणार. पाइप जोडतात तशी."

"माझी तर किडनी, नळी आणि मूत्राशयाचा कोपरा, सगळं एकदम काढणार," स्रेतेन म्हणाला. तो एक्कावन्नचा, बैलासारखा. "म्हणाली, तुम्ही तरुण आहात, दुसरी किडनी दणकट आहे."

"मला एकच आहे," तिहोमिर म्हणाला. त्याची दुसरी तरुणपणी ट्रॅक्टरखाली गेली होती. "म्हणून माझी काढणार नाहीत. खालून दुर्बीण घालून लेसरने गाठ जाळणार."

"आणि मला म्हणाली, या वयात काही कापायचं नाही, नुसतं लक्ष ठेवायचं," ओब्रादकाका म्हणाले. ते चौऱ्याऐंशीचे. हा अपमान समजायचा की काय, हे त्यांचं अजून ठरलं नव्हतं.

मग सगळ्यांनी विदाकडे असं पाहिलं, जणू तिने नासकं दूध घातलं. स्रेतेन तर म्हणालाही, "वहिनी, द्यायच्या आधी जरा बघायचं तरी." चांगली पाच मिनिटं ते स्वतःच्या आजारपणावर बोलत होते. मग तिहोमिर थांबला. त्याने बोटं मोजली, उगाचच.

"थांबा. म्हणजे आम्हाला कुणाला काहीच नाही?"

पोहऱ्यात आलं ते आपल्या आडातलं नव्हे, हे इतक्या वेळाने त्यांच्या ध्यानात आलं. स्रेतेन मोठ्याने हसला. कुणीतरी राकियाची, घरच्या दारूची बाटली काढली, पेले भरले गेले. ओब्रादकाकांचा पेला ओठांपर्यंत गेला आणि तिथेच राहिला. मग एकेकाने आपला पेला टेबलावर ठेवला.

विदा कणीक मळतच होती. स्रेतेनने तोंड उघडलं तेव्हाच तिला कळलं होतं.

"डाव्या कुशीत दुखतं अधूनमधून," ती म्हणाली. "उन्हाळ्यापासून. एकदा लाल झाली होती. मला वाटलं, बीट खाल्लं होतं म्हणून."

"मग डॉक्टरला सांगून टाकू," तिहोमिर म्हणाला.

"काय सांगणार?" रादमिला उसळली. "एकोणतीस वर्षं लघवी उसनी आणली म्हणून? वसंतात माझ्या नातीचं लग्न आहे. मुलाची आई शहरातली, तिने आमच्या घराचे कागद मागून घेतलेत, दहा वर्षांचे. सगळे स्वच्छ. खोटे निघाले तर ती या घरची मुलगी करील?" मग तिने आवाज खाली आणला. "असं करू. मंगळवारी विदाला सोबत म्हणून बसमध्ये घेऊ. डॉक्टरणीला म्हणू, हिची कूस दुखते, शेवटी हिलाही घ्या मशीनमध्ये. गाठ सापडेल, कुणाचं नावही येणार नाही."

सगळ्यांनी माना डोलावल्या. बारभाईंच्या कारस्थानात एक खोट असते, ती कारस्थान संपल्यावर दिसते.

बसमध्ये सोळा जागा, बारा माणसं आणि एकच विषय. स्रेतेन पुढच्या सीटवरून वळून बसला होता. "वहिनी, माझं घ्या. सगळं एकदम काढून मोकळं व्हा. कटकट नको."

"तिला तुझ्यासारखी दणकट दुसरी किडनी आहे का?" तिहोमिर म्हणाला. "विदा, माझा लेसर घे. कापाकापी नाही, चार दिवसांत घरी."

"लेसरने परत उगवतं," रादमिला म्हणाली. "त्यापेक्षा माझं बरं. जेवढं वाईट तेवढंच कापायचं. काटकसर."

"माझं घ्यायला कुणी तयार नाही," ओब्रादकाका मागून म्हणाले. "माझं सगळ्यांत स्वस्तात पडतं. नुसतं बघायचं."

लग्नघरात वाढपी आग्रह करतात, तसा तो आग्रह चालला होता. विदा खिडकीबाहेर बघत होती. तिला एकच भीती होती आणि ती मरणाची नव्हती. पहाटे पाचची गाडी, हातावरच्या सुया, घरी आल्यावर भिंतीकडे तोंड करून पडलेला मिलिसाव, हे सहा वर्षं तिने पाहिलं होतं. मशीनवर जायचं नाही, एवढंच तिने ठरवलं होतं.

हॉस्पिटलात दुपारपर्यंत सात स्कॅन झाले. ओब्रादकाकांना एक जुना खडा निघाला, त्याचा त्यांना आनंद झाला. बाकी काही नाही. स्रेतेनच्या किडन्या तर तंत्रज्ञाने दुसऱ्याला बोलावून दाखवल्या, इतक्या सुरेख. आठवी रादमिला होती. ती हॉस्पिटलचा झगा घालून बाकावर बसली होती. तेवढ्यात डॉक्टर यास्ना बाहेर आली. तिच्या हातात कागदांचा गठ्ठा होता आणि चेहऱ्यावरून व्हिएन्ना पुसली गेली होती.

"ऐका सगळे. चूक आमची आहे," ती म्हणाली. "सात जणांत काही नाही म्हणजे लॅबमध्ये घोळ झालाय. रंगद्रव्य खराब असेल, नाहीतर नमुने मिसळले असतील. अकराही रिपोर्ट मी रद्द करतेय. तुम्हाला उगाच त्रास झाला, माफ करा. घरी जा."

रादमिलाने डोळे मिटून छातीवर क्रॉस केला. तिची आई याच दुखण्यात गेली होती, दोन भाऊही. आपलं आत काय आहे हे बघायची वेळ टळली, म्हणून तिचा चेहरा लहान मुलीसारखा मोकळा झाला.

"माझं राहिलं," विदा म्हणाली.

"काकू, तुमचं तर नावच नाही यादीत."

"माझी कूस दुखते."

"गावच्या डॉक्टरला दाखवा. इथे नंबर लागायला चार महिने लागतात. आजचे उरलेले नंबर मी दुसऱ्या पेशंटना देऊन टाकले."

"ते रिपोर्ट रद्द करू नका. त्या बाटल्यांत माझी लघवी होती."

डॉक्टरने तिच्याकडे पाहिलं, मग दमलेलं हसली. "काकू, अकरा माणसांच्या बाटल्या होत्या त्या. त्यांनी स्वतः सह्या करून दिल्यात." तिने बाकाकडे पाहिलं. "बरोबर ना?"

बाकावर दहा माणसं आणि एक झगा घातलेली बाई. स्रेतेन बुटांकडे बघत होता. तिहोमिरला भिंतीवरचं किडनीचं चित्र अचानक फार आवडलं होतं. ओब्रादकाका बहिरे झाले होते. एकोणतीस वर्षं जिच्या लोट्यावर ही माणसं निरोगी होती, तिला एका शब्दाची गरज होती आणि शब्द काही येईना. डॉक्टर वळली.

"डॉक्टरीणबाई," रादमिला म्हणाली. ती उठली. झगा मागून उघडा होता, तो तिने एका हाताने धरला. "तुमच्या लॅबचं काही चुकलेलं नाही. अकरा नावं खोटी आहेत. लघवी खरी आहे."

"कुणाची?"

"हिची. माझ्या जावेची."

"पण या तर बाहेरच्या..." डॉक्टरने गठ्ठ्यातली नोंदवही उघडली.

"बेचाळीस वर्षं आमच्या गिरणीचं पीठ खाल्लंय तिने. आणखी किती आतली व्हायला पाहिजे? रेघ खोडा ती आणि आत घ्या तिला. माझा नंबर द्या, तो कुणाला दिला नसेल तर."

मग सगळेच बोलायला लागले, नको तेवढं. डाव, लोटा, लिंडनचा चहा, सत्त्याऐंशीच्या गोळ्या. डॉक्टर यास्ना जमिनीवर बसायची तेवढी राहिली. पन्नास वर्षांच्या वहीतली एकोणतीस वर्षं डोंगरातल्या एका बाईच्या तब्येतीची दैनंदिनी निघाली होती. "हा गुन्हा आहे, कळतंय का तुम्हाला?" ती म्हणाली. "तुमच्यातल्या कुणाची तपासणीच झालेली नाही. काय करू मी तुमचं?"

"माझ्या वयात," ओब्रादकाका म्हणाले, "नुसतं लक्ष ठेवा."

विदा रादमिलाच्या नंबरावर आत गेली. गाठ डाव्या किडनीच्या आतल्या पोकळीत होती, वाटाण्याएवढी. त्याहून वाईट म्हणजे दोन्ही किडन्या आकसलेल्या होत्या आणि मिळून तिसरा हिस्साच काम करत होत्या. दुर्बिणीची तपासणी झाली, तुकडा काढून पाहिला, आणि पुढच्या आठवड्यात डॉक्टरने तिला समोर बसवून सांगितलं. सोबत रादमिला होती आणि दाराबाहेर बाकीची बस.

"किडनी नळीसकट काढली तर गाठीचा धोका सगळ्यांत कमी," डॉक्टर म्हणाली. "पण उरलेल्या किडनीवर तुमचं भागणार नाही, बहुधा मशीन लागेल. लेसरने जाळली तर किडनी वाचेल. मात्र गाठ परत येऊ शकते, दुसऱ्या बाजूलाही येऊ शकते. दर तीन महिन्यांनी दुर्बीण घालून बघावं लागेल. आणि कधीतरी किडनी काढावी लागणारच नाही, असं मी सांगू शकत नाही."

"तुकडा कापायचं?" रादमिलाने विचारलं.

"ते नळीत गाठ असती तर. ते तुमच्यासाठी होतं, आणि तुमचं अजून काही माहीतच नाही."

बाहेर दाराला कान लावून स्रेतेन आणि तिहोमिर हात वर करून मतं मोजत होते, ते आतून ऐकू येत होतं.

"मशीन म्हणजे पहाटे पाचची गाडीच ना अजून?" विदाने विचारलं.

"हो. तीन दिवस."

"मग लेसर. तीन महिन्यांनी मी येईन. न चुकता येईन, मला लवकर उठायची सवय आहे." मग ती थांबली आणि जे बारा वर्षं बोलली नव्हती ते तिने त्या परक्या बाईला सांगितलं. "माझ्या नवऱ्यालाही माझीच दिली होती मी. अकरा वर्षं. त्याचं स्वच्छ यायचं."

रादमिलाने जावेचा हात धरला. पकड घट्ट होती आणि सवयीची नव्हती, त्यामुळे दोघींनाही जरा अवघडल्यासारखं झालं.

लेसर नोव्हेंबरच्या सुरुवातीला झाला. विदा चार दिवसांत घरी आली. महिनाअखेरीला नर्स फेरतपासणीच्या बाटल्या वाटून गेली. या खेपेला बारा होत्या. बारावीवर 'विदोसावा' असं नाव होतं, आणि नर्सने सगळ्यांना बजावलं की सकाळी ती प्रत्येकाच्या दारात उभी राहणार. गल्लीत त्या संध्याकाळी कुणी कुणाकडे गेलं नाही. नातीच्या होणाऱ्या सासूचा नऊ दिवसांत फोन आला नव्हता, पण त्याबद्दलही रादमिला बोलत नव्हती.

पहाटे विदा चारला उठली, चहा न पिता, आपली एकच बाटली भरली आणि टेबलावर ठेवली. एकच बाटली टेबलावर फार छोटी दिसत होती. साडेपाचला दार वाजलं. रादमिला होती. अंगावर नवऱ्याचा कोट, हातात तिची बाटली, रिकामी.

"तुझी चालणार नाही, माहितीय मला," ती म्हणाली. "मागायला नाही आले."

"मग?"

"तासभर बसलेय. येतच नाही. आईचं दुखणं असंच निघालं होतं, बाटलीत. एकटीने जमत नाहीये, विदे."

विदाने शाल घेतली. दोघी परसात गेल्या. रादमिला आत गेली आणि दार ओढून घेतलं. विदा बाहेर पालथ्या घातलेल्या बादलीवर बसली, रादमिलाचा कोट मांडीवर घेऊन. थंडी मी म्हणत होती. आतून काहीच आवाज येईना.

विदाने हात लांब करून परसातला नळ सोडला. पाणी बारीक धारेने दगडावर पडू लागलं.

"येतंय का?" तिने थोड्या वेळाने विचारलं.

"थांब जरा," आतून रादमिला म्हणाली. "आणि नळ मोठा कर."

विदाने नळ मोठा केला.